नऊ मतांवर उभी शस्त्रबंदी

९, १०, १२, १३, १०, १०, ९, ९. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने दक्षिण सुदानवर जी शस्त्रबंदी घातली, तिला २०१८ ते २०२५ या काळात वर्षागणिक मिळालेली ही मते. परिषदेत सदस्य १५. ठराव मंजूर व्हायला किमान ९ मते हवीत आणि अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया, चीन या पाच कायम सदस्यांपैकी कोणीही विरोधात मत देता कामा नये. आठपैकी तीन वर्षी बंदी अगदी काठावर तरली, आणि त्यांतली दोन म्हणजे २०२४ आणि २०२५. विरोधी मतांचा रकाना मात्र आठही वर्षे रिकामा आहे. ज्यांना बंदी नको होती त्यांनी तिच्या बाजूने हात वर केला नाही, पण तिला पाडलेही नाही; ते तटस्थ राहिले.

दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस वृत्तसंस्थांची चार ओळींची बातमी येते: दक्षिण सुदानवरील निर्बंधांना वर्षभराची मुदतवाढ. त्या चार ओळींमागे एक प्रश्न दरवर्षी परिषदेत विचारला जातो. इतकी वर्षे बंदी आहे, मग शांतता का आली नाही? या प्रश्नाचा धागा धरून पुढचा युक्तिवाद येतो की, शांतता येत नसेल तर बंदी काढून टाका. माझ्या मते हा हिशेबच चुकीच्या खात्यावर मांडला जातो. शस्त्रबंदी शांतता आणत नाही. युद्ध करणे महाग, अवघड आणि उघडे करते, एवढेच तिचे काम. ते काम झाले का हे पाहायचे तर मतांच्या रकान्याकडे नव्हे, सीमेकडे आणि तिजोरीकडे पाहावे लागते.

आधी बंदी कशी आली ते. जानेवारी २०११ च्या सार्वमतात दक्षिण सुदानच्या ९८.८३ टक्के मतदारांनी सुदानपासून वेगळे व्हायच्या बाजूने कौल दिला आणि ९ जुलै २०११ रोजी जगातला सर्वांत नवा देश जन्माला आला. अडीच वर्षांतच, १५ डिसेंबर २०१३ च्या रात्री, राजधानी जुबात राष्ट्राध्यक्षांच्या संरक्षक दलातच गोळीबार सुरू झाला. राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर डिंका जमातीचे, पदावरून काढलेले उपराष्ट्राध्यक्ष रीक माचार नुएर जमातीचे. नेत्यांमधले सत्तेचे भांडण काही दिवसांत वस्त्यांमध्ये उतरले आणि माणसे जमात पाहून मारली जाऊ लागली.

परिषदेने निर्बंधांची चौकट उभी केली ती ३ मार्च २०१५ रोजी, ठराव २२०६ ने, आणि तीही एकमताने. पण त्या चौकटीत होती फक्त प्रवासबंदी आणि मालमत्ता गोठवण्याची तरतूद. १ जुलै २०१५ रोजी सहा सेनानींची नावे यादीत आली, तीन सरकारी बाजूचे, तीन बंडखोर. शस्त्रे विकायला परिषदेची अजून कोणतीच आडकाठी नव्हती. जुलै २०१४ मध्ये चीनच्या नोरिन्को या सरकारी कंपनीची जी खेप दक्षिण सुदान सरकारला मिळाली, तिचा तपशील परिषदेच्याच तज्ज्ञ गटाने पुढे नोंदवला: सुमारे साडेनऊ हजार रायफली, बाराशे रणगाडाभेदी क्षेपणास्त्रे, शिवाय मशीनगन आणि ग्रेनेड लाँचर. लढाई पेटलेली असताना झालेला हा व्यवहार पूर्ण कायदेशीर होता.

२३ डिसेंबर २०१६ रोजी अमेरिकेने शस्त्रबंदीचा ठराव मांडला. त्याआधी जुलैमध्ये जुबात पुन्हा युद्ध भडकले होते आणि माचार पायी जंगलातून काँगोत पळाले होते. वांशिक संहाराची भीती संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी उघड बोलून दाखवत होते. तरी ठरावाला मते पडली ७. आठ देश तटस्थ राहिले: रशिया आणि चीन तर होतेच, पण जपान, मलेशिया, सेनेगल, अंगोला, इजिप्त आणि व्हेनेझुएलाही. जपानचे अभियंता पथक तेव्हा जुबात शांतिसेनेत होते. सरकार चिडले तर आपल्या माणसांचे काय, ही टोकियोची काळजी होती. दोन मते कमी पडली आणि बंदी साडेअठरा महिने लांबली.

या युद्धाची किंमत मोजायचा प्रयत्न लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी केला. डिसेंबर २०१३ ते एप्रिल २०१८ या काळात, युद्ध नसते तर जे मृत्यू झाले नसते अशा मृत्यूंचा त्यांचा अंदाज सुमारे ३ लाख ८३ हजार आहे. त्यातले निम्मे थेट हिंसेचे, उरलेले भूक, आजार आणि कोलमडलेल्या आरोग्यसेवेचे. या अभ्यासाची शेवटची तारीख आणि बंदी लागू झाल्याची तारीख, १३ जुलै २०१८, यांत जेमतेम तीन महिन्यांचे अंतर आहे. म्हणजे या युद्धातले जे मृत्यू जगाने मोजले, ते सगळे शस्त्रविक्री मोकळी असतानाचे आहेत. बंदीच्या यशापयशावर बोलणाऱ्यांनी ही एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात घ्यायला हवी.

१३ जुलै २०१८ चा ठराव २४२८. नऊ मते, सहा तटस्थ. नववे मत धरायचेच तर मी आयव्हरी कोस्टचे धरीन. त्या वर्षी परिषदेत तीन आफ्रिकी देश होते. इथिओपिया आणि इक्वेटोरियल गिनी तटस्थ राहिले. इथिओपियाचे म्हणणे होते की, तहाची बोलणी चालू असताना दंडुका उगारू नका. आयव्हरी कोस्टने मात्र बाजूने मत दिले. २००४ ते २०१६ अशी बारा वर्षे तो देश स्वतः सुरक्षा परिषदेच्या निर्बंधांखाली होता, आणि त्यांतून बाहेर पडून दोनच वर्षे झाली होती. दोन महिन्यांनी, १२ सप्टेंबर २०१८ ला, अदिस अबाबात कीर आणि माचार यांनी नव्या तहावर सह्या केल्या. बंदीमुळे तह झाला असे मी म्हणणार नाही. पण बंदीमुळे तह मोडेल हे भाकीत तर नक्कीच खोटे ठरले.

आता मुदतीचा मुद्दा, कारण सगळी ओढाताण तिथे आहे. या बंदीला अखेरची तारीख आहे. मे महिन्याच्या शेवटी ती संपते, आणि परिषदेने काहीच केले नाही तर आपोआप उठते. निर्बंध बेमुदत असते तर ते उठवण्यासाठी ९ मते लागली असती आणि अमेरिका, ब्रिटन किंवा फ्रान्स यांच्यापैकी एकजण नकाराधिकार वापरून ते टिकवू शकला असता. तारीख घातली की गणित उलटे होते: टिकवणाऱ्याला दरवर्षी ९ मते गोळा करावी लागतात, आणि मोडू पाहणाऱ्याला नुसते हात बांधून बसले तरी पुरते, फक्त असे सात जण हवेत. रशिया आणि चीन नकाराधिकार का वापरत नाहीत, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्यांना त्याची गरज फारशी पडत नाही. नकाराधिकार वापरला तर दोष एकट्याच्या माथी येतो. ठराव मतांअभावी पडला तर तो परिषदेचा कौल ठरतो.

तटस्थ देशांची यादी वर्षावार वाचली की मतांच्या चढउतारामागची हालचाल दिसते. २०१९ मध्ये आयव्हरी कोस्ट तटस्थांच्या रांगेत गेला. २०२० मध्ये चीन, रशिया आणि दक्षिण आफ्रिका तटस्थ, पण नायजर आणि ट्युनिशिया बाजूने. २०२१ मध्ये तर चीन आणि रशियाही बाजूने आले आणि मते १३ झाली. तटस्थ राहिले फक्त दोन देश: केनिया आणि भारत. २०२२ मध्ये चीन आणि रशिया पुन्हा तटस्थ झाले, गॅबोन त्यांच्यासोबत गेला, घानाने मात्र अजून बाजूने मत दिले. २०२३ मध्ये घानाही तटस्थ झाला. तेव्हापासून एकाही आफ्रिकी देशाने या बंदीच्या बाजूने मत दिलेले नाही. २०२३ मध्ये गॅबोन, घाना, मोझांबिक. २०२४ मध्ये अल्जीरिया, मोझांबिक, सिएरा लिओन. २०२५ मध्ये अल्जीरिया, सिएरा लिओन, सोमालिया. सगळे तटस्थ. आफ्रिकी संघाच्या शांतता व सुरक्षा परिषदेने हे निर्बंध उठवावेत अशी मागणी वारंवार केली आहे, त्याचेच हे प्रतिबिंब.

२०२५ चे मतदान जवळून पाहा. २०२४ मध्ये ज्या नऊ देशांनी बंदी तारली, त्यांतल्या चार देशांची, म्हणजे इक्वेडोर, जपान, माल्टा आणि स्वित्झर्लंड यांची मुदत त्या डिसेंबरात संपली. नव्याने आलेल्या पाच देशांपैकी डेन्मार्क, ग्रीस आणि पनामा बाजूने होते. पाकिस्तान आणि सोमालिया तटस्थ. चार मते गेली, तीन आली. बेरीज आठ. बंदी तिथेच संपली असती. पण आदल्या वर्षी तटस्थ राहिलेल्या गयानाने ३० मे २०२५ रोजी बाजूने मत दिले आणि आकडा पुन्हा नऊवर आला. साडेआठ लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या, दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका देशाच्या मतावर नाईलच्या काठची शस्त्रबंदी टिकली.

त्या ठरावाने, म्हणजे २७८१ ने, मुदत ३१ मे २०२६ पर्यंत वाढवली. पण गयाना, दक्षिण कोरिया आणि स्लोव्हेनिया ही बाजूची तीन मते २०२५ च्या अखेरीस परिषदेतून गेली. २०२६ मध्ये आलेले पाच देश आहेत बहारीन, कोलंबिया, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, लाटव्हिया आणि लायबेरिया. उरलेले सहा बाजूने राहिले असे धरले तरी यांतून तीन मते हवीत. यांत काँगो हा दक्षिण सुदानचा सख्खा शेजारी. लायबेरियाने १९९२ पासून २०१६ पर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात शस्त्रबंदी स्वतः भोगलेली आहे.

मग २०२१ मध्ये १३ मते कशी पडली? त्या वर्षीच्या ठराव २५७७ ने पहिल्यांदा सांगितले की, दक्षिण सुदानने काय केले तर बंदी सैल होईल. पाच निकष ठरले. संरक्षण धोरणाचा फेरआढावा पूर्ण करणे, एकत्रित सैन्य एका हुकमतीखाली आणून तैनात करणे, लढवय्यांची शस्त्रे काढून त्यांना नागरी जीवनात आणणे, शस्त्रसाठ्यांची नीट नोंद आणि राखण करणे, आणि सैन्याकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कृती आराखडा अमलात आणणे. ही भाषा चीन आणि रशियालाही पटली. शिक्षा कधी संपणार हे सांगणारा कागद होता तो.

निकषांचे पुढे काय झाले, त्याचे उत्तर ८३ हजार या आकड्यात आहे. २०१८ च्या तहानुसार दोन्ही बाजूंच्या माणसांतून ८३ हजारांचे एकत्रित सैन्य उभे करायचे होते. पहिली तुकडी दीक्षांत संचलनाला उभी राहिली ती ३० ऑगस्ट २०२२ रोजी, तहानंतर जवळजवळ चार वर्षांनी. जुबातल्या त्या समारंभात २१ हजारांवर सैनिक होते. त्यानंतर आणखी तुकड्या प्रशिक्षण संपवून बाहेर पडल्या, पण प्रत्यक्ष तैनाती त्यांतल्या थोड्याच भागाची झाली आणि वरच्या हुद्द्यांची वाटणी अडून राहिली. सरकार याचे खापर बंदीवर फोडते: नव्या सैन्याच्या हातात द्यायला शस्त्रेच नाहीत. हे कारण मला पटत नाही. २०२३ च्या ठराव २६८३ ने तहाच्या अंमलबजावणीसाठी लागणारे अप्राणघातक लष्करी साहित्य आणायला आगाऊ कळवण्याची अटही काढून टाकली. तंबू, गाड्या, वायरलेस संच, गणवेश आणायला कोणाची आडकाठी नव्हती. आणि ज्या फौजा तहाबाहेर, कीर यांच्या थेट हुकमतीखाली राहिल्या, त्यांना शस्त्रांची चणचण भासल्याचे दिसत नाही. डिसेंबर २०२४ ची निवडणूकही सरकारने डिसेंबर २०२६ वर ढकलली. ती ढकलण्यामागे काही रायफलींचा तुटवडा नव्हता.

बंदीने नेमके काय साधते, यावर जगभरच्या अनुभवाचा एक आकडा आहे. जिनिव्हातले थॉमस बियरस्टेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या लक्ष्यित निर्बंधांचा अभ्यास केला. ज्याच्यावर निर्बंध घातले त्याने आपले वागणे बदलले, असे जेमतेम १० टक्के प्रसंगांत घडले. त्याच्या हालचालींना वेसण बसली, किंवा जगाची नापसंती ठामपणे पोचली, असे मात्र चौथ्या हिश्श्याहून थोड्या जास्त प्रसंगांत घडले. दहांतून एकदा मन बदलते, चारांतून एकदा हात आवळले जातात. हे यश मोठे नाही. पण वेसण घालणाऱ्या उपायाला मन बदलण्याच्या परीक्षेत बसवून नापास करणे बरोबर नाही.

वेसण जड शस्त्रांना बसते, हलक्यांना बसत नाही, आणि दक्षिण सुदानात हा फरक जीवनमरणाचा आहे. स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या २०१७ च्या अंदाजानुसार तिथे नागरिकांकडे सुमारे साडेबारा लाख बंदुका होत्या, दर दहा माणसांमागे जवळपास एक. गुरांच्या पळवापळवीत, सूडाच्या हल्ल्यांत, वस्ती जाळताना वापरली जाते ती हीच कलाश्निकोव्ह. तिचे आयुष्य तीसचाळीस वर्षे. ती आत आली ती सुदानच्या जुन्या यादवी युद्धांत, आणि आता ती हातोहात फिरते. न्यूयॉर्कमधला कोणताही ठराव तिला हात लावू शकत नाही. फक्त तिच्या काडतुसांना लावू शकतो.

हेलिकॉप्टर, चिलखती गाडी, क्षेपणास्त्र यांची गोष्ट वेगळी. स्वातंत्र्यावेळी दक्षिण सुदानकडे एकही हल्ला करणारे हेलिकॉप्टर नव्हते. युद्ध सुरू झाल्यावर, २०१४ पासून, सरकारने चार मि-२४ मिळवली, आणि २०१५ च्या युनिटी राज्यातल्या मोहिमेनंतर तिथल्या खेड्यांनी त्यांचा अर्थ जाणला. असल्या यंत्राला सुटे भाग लागतात, तंत्रज्ञ लागतात, परदेशी वैमानिक लागतात. बंदीत हे सगळे येते: शस्त्रे, दारूगोळा, वाहने, सुटे भाग, प्रशिक्षण, भाडोत्री माणसे. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०२० मध्ये बंदीनंतर आयात झालेल्या शस्त्रांचे पुरावे मांडले होते, त्यामुळे बंदी सच्छिद्र आहे यात वाद नाही. पण जुलै २०१४ सारखा सौदा, कंत्राट आणि मालाच्या यादीसकट, आज करायचा तर विकणाऱ्या देशाला परिषदेचा कायदा उघड मोडावा लागेल.

मार्च २०२५ मध्ये अप्पर नाईल राज्यात जे घडले त्यात या चित्राच्या दोन्ही बाजू एकत्र दिसतात. नासिर इथला लष्करी तळ नुएर तरुणांच्या ‘व्हाइट आर्मी’ने ४ मार्चला ताब्यात घेतला. ७ मार्चला वेढ्यातल्या सैनिकांना सोडवायला गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला. हेलिकॉप्टरचा एक कर्मचारी, सैन्याचा एक जनरल आणि इतर अनेक सैनिक मेले. त्यानंतर सरकारने नासिर आणि आसपासच्या वस्त्यांवर आकाशातून पेट घेणारी पिंपे टाकली. ह्यूमन राइट्स वॉचने या हल्ल्यांत किमान ५८ माणसे मेल्याची नोंद केली. हे कारखान्यात बनलेले बॉम्ब नव्हते, जुळवून केलेली आगीची पिंपे होती. बंदी असूनही माणसे जळाली, हे खरे. पण एखाद्या सरकारला पिंपांत ज्वालाग्राही द्रव भरून विमानातून टाकावा लागतो, याचा अर्थ त्याच्याकडे बॉम्बचा मोकळा पुरवठा नाही, हेही खरे. त्या सरकारच्या हाती २०१४ चा बाजार पुन्हा द्यावा असे ज्यांना वाटते, त्यांनी नासिरच्या माणसांना तसे समोर सांगून पाहावे.

त्याच महिन्यात युगांडाचे विशेष सैन्य जुबात उतरले, कीर यांच्या मदतीला. २६ मार्चला माचार यांना त्यांच्या घरात स्थानबद्ध केले गेले, आणि सप्टेंबरात त्यांच्यावर खून, देशद्रोह आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा खटला उभा राहिला. युगांडाच्या संसदेने सैन्य पाठवायला २० मार्चला मंजुरी दिली. सैन्य सोबत जे आणते, चिलखती गाड्या आणि दारूगोळा, ते परिषदेच्या समितीची परवानगी नसेल तर बंदीचा भंग आहे, असे अ‍ॅम्नेस्टीने लगेच म्हटले. शेजारच्या देशाचे सैन्य उघडपणे सीमा ओलांडून येते आणि दोन महिन्यांनी त्याच बंदीला मुदतवाढ मिळते, तेव्हा बंदीची कमकुवत जागा कुठे आहे हे कळते.

दक्षिण सुदानला समुद्र नाही. सहा देशांच्या सीमा त्याला लागून आहेत: सुदान, इथिओपिया, केनिया, युगांडा, काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक. जुबात येणारा बहुतेक माल केनियातल्या मोंबासा बंदरात उतरतो आणि युगांडातून निमुलेच्या नाक्याने ट्रकांतून आत येतो. तहापूर्वीच्या युद्धातला शस्त्रमार्गही युगांडातून जात होता. कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च या संस्थेने २०१८ मध्ये दाखवले की, पूर्व युरोपातल्या देशांकडून युगांडाच्या नावावर घेतलेली शस्त्रे पुढे दक्षिण सुदानच्या सैन्याकडे पोचली. दक्षिण सुदानला शस्त्रे विकायला युरोपीय संघाने २०११ पासूनच मनाई केलेली होती. कागदावर ग्राहक बदलला की माल सुटत होता. ठरावात शेजारी देशांनी मालाची तपासणी करावी आणि तिचे अहवाल समितीला द्यावेत असे लिहिलेले आहे. पण ते कलम आवाहनाच्या भाषेत आहे, आणि ज्यांना आवाहन करायचे तेच देश बंदी नको म्हणत असतील तर तपासणी कोण करणार? आफ्रिकी मते गेली याचे खरे नुकसान इथे आहे. परिषदेत नववे मत गयानाकडून मिळू शकते. निमुलेच्या नाक्यावर ट्रक उघडून पाहायला गयाना येऊ शकत नाही.

निर्बंधांमुळे दक्षिण सुदानची जनता उपाशी राहते, हा आक्षेप मी अनेकदा वाचला आहे. आकडा भयंकर आहे: २०२५ च्या एप्रिल ते जुलै या काळात ७७ लाख लोक, म्हणजे लोकसंख्येच्या निम्म्याहून अधिक, तीव्र अन्नटंचाईत असल्याचा अंदाज होता. पण परिषदेच्या निर्बंधांत धान्य नाही, औषध नाही, खत नाही, तेलही नाही. १९९० च्या दशकात इराकवर लादलेली सर्वंकष नाकेबंदी आणि ही शस्त्रबंदी यांची जात एक नाही. सरकारी महसुलाचा सुमारे ९० टक्के हिस्सा असलेले तेल मुक्तपणे विकले जाते; ते अडते तेव्हा सुदानातल्या युद्धात पाइपलाइन फुटल्यामुळे, जसे फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले.

आणि त्या तेलाचा पैसा? संयुक्त राष्ट्रांच्या दक्षिण सुदानविषयक मानवाधिकार आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले की, स्वातंत्र्यापासून देशाला तेलातून २५ अब्ज डॉलरहून अधिक मिळाले. २०२१ ते २०२४ या काळात ‘रस्त्यांसाठी तेल’ या योजनेतले सुमारे २.२ अब्ज डॉलर सत्तेच्या जवळच्या माणसाशी जोडलेल्या कंपन्यांकडे वळवले गेले, असेही त्या अहवालात आहे. आता याच्या शेजारी परिषदेची यादी ठेवा. प्रवासबंदी आणि मालमत्ता गोठवण्याच्या यादीत २०१५ मधली सहा नावे, २०१८ मधली दोन. एकूण आठ. कंपनी एकही नाही. आठही जण लष्करी हुद्द्याचे. पैशाचे व्यवहार सांभाळणारा त्यांत कोणी नाही. यादीतल्या एकाला मे २०१८ मध्ये, नाव यादीत असतानाच, सरसेनापती नेमले गेले. निर्बंध समितीमार्फत नाव घालायचे तर तिच्यातल्या पंधराही देशांची संमती लागते, म्हणून २०१८ नंतर यादी गोठून राहिली. शस्त्रबंदीला निदान ९ मते पुरतात. समितीत नाव घालायला १५ लागतात. माझ्या मते मुदतवाढीच्या प्रत्येक ठरावात ही बाजू सर्वांत कच्ची आहे, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते.

भारताची दोन मते याच पार्श्वभूमीवर वाचायला हवीत. २०२१ आणि २०२२ मध्ये भारत परिषदेत होता आणि दोन्ही वेळा तटस्थ राहिला. त्याचे हितसंबंध लपलेले नाहीत. ओएनजीसी विदेशचा दक्षिण सुदानमधल्या ग्रेटर पायोनियर या तेलकंपनीत २५ टक्के वाटा आहे आणि सड पेट्रोलियममध्ये २४.१२५ टक्के. तेव्हा तिथल्या शांतिसेनेत सुमारे २,४०० भारतीय सैनिक होते. २०१९ ते २०२२ या काळात त्या दलाचे सेनापती लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर होते आणि त्यांच्यानंतर लेफ्टनंट जनरल मोहन सुब्रमण्यन आले. यजमान सरकारला दुखवायचे नाही आणि आफ्रिकी देशांच्या भूमिकेमागे उभे राहायचे, ही तटस्थतेची कारणे समजण्यासारखी आहेत.

पण त्याच सैनिकांची दुसरी नोंदही आहे. ९ एप्रिल २०१३ रोजी जोंगलेई राज्यात संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि पाच भारतीय जवान मारले गेले. १९ डिसेंबर २०१३ रोजी अकोबोच्या तळावर हजारोंचा सशस्त्र जमाव चालून आला, आश्रयाला आलेल्या नागरिकांना वाचवताना आणखी दोघे गेले. मलाकलमधले भारतीय लष्करी रुग्णालय गोळी लागलेल्यांवर उपचार करत आले आहे. ज्या देशाची माणसे त्या बंदुकांसमोर उभी आहेत, त्याने बंदुका कमी करणाऱ्या ठरावावर तटस्थ राहावे हे मला पटत नाही.

भारताने २०२८-२९ साठी परिषदेच्या जागेवर उमेदवारी जाहीर केली आहे. तोवर ही बंदी टिकली, तर तेव्हा दिल्लीने बाजूने मत द्यावे आणि मताच्या बदल्यात दोन गोष्टी ठरावात लिहून घ्याव्यात. मोंबासा आणि निमुले इथल्या तपासणीसाठी केनिया आणि युगांडाला माणसे, स्कॅनर आणि पैसा, म्हणजे आवाहनाच्या कलमाला हातपाय फुटतील. आणि तेलाच्या पैशाचा वार्षिक हिशेब हा सहावा निकष. ओएनजीसी विदेश भागीदार असलेल्या क्षेत्रांतून किती पिंपे निघाली याची नोंद भारताच्या हाताशी असते. तो हिशेब मागायची सुरुवात भारत स्वतःच्या आकड्यांपासून करू शकतो.